कडी

त्या खोलीत आम्ही बारा जण काय बोललो
ते सांगायला कायद्याची बंदी आहे.
म्हणून चहाचं सांगते.
किटलीचं झाकण हरवलं होतं, वर बशी ठेवली होती,
आणि वाफेनं ती बशी दिवसभर
टकटक करत राहिली,
आत कुणी असल्यासारखी.

साल एक्याण्णव, हल बंदर, नोव्हेंबरचं धुकं.
आरोपी केल्विन स्टॅदर्स, वय एकोणीस,
मासळीच्या बर्फखान्यात कामाला.
सूट भावाचा असावा, बाही बोटांपर्यंत यायची.
रेमंड ऑटीला मी मारलं, हे तो स्वतःच म्हणत होता.
दार वाजवलं. ऑटी सपाता घालून आला,
हातात अर्धा खाल्लेला टोस्ट.
"आत ये रे, गारठा आहे," म्हणाला.
शेजारणीनं भिंतीतून ऐकलं होतं,
साक्षीत तिनं ते दोनदा सांगितलं,
विचारलं एकदाच होतं तरी.

त्याआधी तीन दिवस
हेसल रोडवरच्या सायरंगी टेलिफोनच्या खोक्यात
(आमच्या गावात ती लाल नसतात)
ठरल्या वेळी घंटी वाजली.
पलीकडच्यानं सांगितला
त्याच्या बहिणीच्या स्वेटरचा रंग,
तिचा भांग कुठल्या बाजूला,
शाळेतून निघाल्यावर ती कुठल्या भिंतीवरून चालते.
आणि शुक्रवार.

न्यायाधीशांचा आवाज मऊ होता.
धाकानं केलेली चोरी माफ होऊ शकते, म्हणाले,
खोटी साक्ष, चोरटा माल,
एखादं कोठार पेटवलंत तरीसुद्धा.
खून नाही.
मानेवर सुरी असली तरी नाही.
म्हणजे कायदा म्हणतो, जिवावर उदार हो.
बरं. माझ्या जिवावर मी होईनही एक वेळ.
पण नऊ वर्षांच्या मॅरियनच्या जिवावर
उदार व्हायचं कुणी?
आणि ऑटीच्या जिवावर तो झाला, ते तरी
कुणाच्या परवानगीनं?

मी चौतीस वर्षं नर्स होते.
नाइलाज हा शब्द आम्ही वॉर्डात
आयोडीनसारखा वापरला.
लावायचा, झोंबू द्यायचा, पट्टी बांधायची.

पोलिओच्या साली मी वीस वर्षांची.
श्वासाचं यंत्र एकच, लोखंडी, पाणबुडीएवढं.
आत गोदीतला हमाल, अल्बर्ट पिनिंग,
बाहेर फक्त त्याचं डोकं
आणि डोक्यावर तिरका आरसा,
पाठीमागचं दार दिसावं म्हणून.
त्या दारातून सहा वर्षांची निळी पोर आली.
डॉक्टरांनी पिनिंगकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
"हा तसाही आठवडा काढणार नाही," म्हणाले,
हळू, पण आरशाला ऐकू जाईल इतकं.
"सिस्टर, कडी."

मला कुणी बंदूक लावली नव्हती.
पोर जगली. लग्नाचा फोटो पाठवला तिनं,
मी तो उलटा करून खणात ठेवला.
पिनिंगच्या दाखल्यावर लिहिलं, पोलिओ.
खोटं नव्हतं ते.
यंत्राला सहा कड्या होत्या.
पाचवीशी त्यानं आरशातून मला शोधलं.
सहावी मी न बघता उघडली.

निकाल ऐकताना केल्विननं मान हलवली नाही.
पहारेकऱ्याला एवढंच विचारलं,
"साडेतीन वाजले का?"
शाळा सुटायची वेळ ती.
मग त्याला खाली नेलं, जन्मठेपेत,
ती लांब बाही जिन्याच्या कठड्यावरून घासत.

घरी येताना ते खोकं लागलं.
आत कुणी नव्हतं, दिवा मात्र चालू.
आपल्याला फोन येणार असल्यासारखी
मी थोडा वेळ उभी राहिले,
मग धुकं अंगात शिरायला लागलं.

आमच्या म्होरक्यानं शेवटी म्हटलं होतं,
हात वर करा.
माझा उजवा गेला.
तोच.
बशी टकटकत होती.

एवढंही मी सांगायला नको होतं.